वजन उतरवलं, टिकवलं. आता पर्सनल ट्रेनर व्हायचं मनात आहे. सल्ला हवा

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. इथल्या आरोग्य विभागात बरीच वर्षं नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी नाशिकची, वय ३९, एका पतसंस्थेत हिशेबाचं काम बघते. दुसऱ्या बाळंतपणानंतर वजन वाढत वाढत ९४ किलोवर गेलं होतं. आता ६७ आहे आणि वर्ष-दीड वर्ष तिथेच आहे. पावडर, शेक, काढा यातलं काही घेतलं नाही. आधी फक्त चालणं, नंतर घराजवळच्या जिममध्ये वजनं उचलणं. खरा फरक वजनं उचलायला लागल्यावर पडला. खाण्यात भाकरी-भाजी तीच राहिली. डाळ-उसळ वाढली, रोज अंडी आली, फोडणीचं तेल चमच्यानं मोजू लागले आणि मुलांच्या ताटात उरलेलं संपवायची सवय सोडली.

आता मूळ मुद्दा. दिवाळीपासून आमच्या सोसायटीतल्या काही बायका शनिवार-रविवारी गच्चीवर माझ्यासोबत व्यायाम करतात. त्यातल्या एक काकू साठीच्या आहेत. खाली बसल्या की कुणी हात दिल्याशिवाय त्यांना उठता यायचं नाही, म्हणून हळदीकुंकू असो की सत्यनारायण, त्या खुर्ची मागून घ्यायच्या आणि ओशाळायच्या. त्यांना आधी खुर्चीवरून हात न टेकता उठायला लावलं. मग बुटकं स्टूल, मग एकावर एक रचलेले पाट, आणि जमेल तसा एकेक पाट काढत गेलो. आता त्या एक गुडघा टेकवतात, दुसऱ्या मांडीवर हात दाबतात आणि आपल्या आपण उठतात. ते बघितल्यापासून हेच काम करावं असं फार वाटतंय.

नोकरी सोडून पूर्णवेळ ट्रेनर व्हावं का? शिक्षण कुठलं घ्यावं? मी बी.कॉम. आहे. पोटाची आणि दंडाची कातडी सैल पडली आहे, जाहिरातीतल्या ट्रेनरसारखी मी दिसणार नाही. अशा बाईकडे लोक पैसे देऊन येतील का? नवऱ्याचा पाठिंबा आहे, पण घराचा हप्ता चालू आहे आणि तो म्हणतो, आधी आकडे मांड. आकडे मांडणं माझं रोजचंच काम, पण या धंद्यातले आकडे मला माहीत नाहीत. ज्यांना माहिती आहे त्यांनी स्पष्ट लिहा, मला वाईट वाटणार नाही.

निळीछत्री

मनापासून अभिनंदन! २७ किलो म्हणजे सिमेंटच्या अर्ध्या गोणीहून जास्त ओझं अंगावरून उतरवून ठेवलंत. आणि पाटांची युक्ती आजच आईला सांगते.

सांधेजोड

अभिनंदन. मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. तुम्ही स्पष्ट लिहा म्हणालात, म्हणून लिहिते.

स्वतःचं वजन उतरवताना माणूस एकच शरीर ओळखायला शिकतो. तुमचे गुडघे कुठे कुरकुरतात, कुठल्या दिवशी थकवा येतो, हे तुम्हाला आतून कळत होतं. दुसऱ्याचं शरीर बाहेरून वाचावं लागतं आणि ते वेगळं शिक्षण आहे. माझ्याकडे येणाऱ्या पेशंटपैकी बरेच जण 'मैत्रिणीचं असंच उतरलं' म्हणून केलेल्या व्यायामानं दुखावलेले असतात.

पाच उदाहरणं देते. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारी बाई सकाळी उपाशीपोटी जोरात व्यायाम करायला आली, तर साखर एकदम खाली जाऊन चक्कर येऊ शकते. रक्तदाबाचा त्रास असलेल्या माणसानं श्वास रोखून वजन उचललं तर दाब झटकन वर चढतो. त्याच त्रासासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्याची नाडी व्यायामातसुद्धा फारशी वाढत नाही, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळाचे ठोके बघून 'अजून जोर लावा' म्हणणं धोक्याचं. हाडं ठिसूळ झालेल्या बाईला कमरेतून पुन्हा पुन्हा वाकायला लावलं तर मणका दबू शकतो. बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू मधोमध फाकलेले असतील तर क्रंचेस घालून पोट आत जात नाही, उलट फुगवटा वाढू शकतो.

तुमच्या गच्चीवरच्या बायकांपैकी कुणाला काय आजार आहेत, कुठल्या गोळ्या चालू आहेत, हे तुम्ही लिहून घेतलं आहे का? नसेल तर पुढच्या शनिवारच्या आधी घ्या. पार-क्यू नावाची छोटी प्रश्नावली असते. छातीत दुखणं, चक्कर, हाडा-सांध्यांचा त्रास, औषधं, असे सात साधे प्रश्न. एका उत्तराला जरी 'हो' आलं तरी आधी डॉक्टरांना विचारायचं.

काकूंचं जे केलंत ते मात्र उत्तम आहे. बैठकीची उंची टप्प्याटप्प्यानं कमी करणं आम्हीही तसंच करतो.

तालमीतला

सांधेजोड ताई, तुमचा मान राखून असहमत. कोल्हापुरात आमच्या वस्तादांकडं कुठलं प्रमाणपत्र होतं? पोरगं तालमीत आलं की ते आधी चार दिवस नुसतं बघायचे. कसं चालतं, कसं बसतं, जोर मारताना कुठला खांदा आधी पडतो. मग सांगायचे, तू बैठका वाढव, तू अजून महिनाभर नुसती माती उकर. कुणाला रागावायचं आणि कुणाला पाठीवर हात ठेवून सांगायचं हे त्यांना बरोबर कळायचं. लाल मातीत ज्यांनी जन्म काढला त्यांना कागदाची गरज पडली नाही. गोदाकाठ ताईंकडं ती नजर आहे असं पाटांच्या गोष्टीवरून दिसतंय. नजर असली की बाकीचं शिकता येतं.

अवांतर: महाराष्ट्रात व्यायाम शिकवायची परंपरा जिमच्या कितीतरी आधीची आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या पथकानं तिथं जाऊन आपल्या खेळांची प्रात्यक्षिकं केली. पुण्याचं महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चं. दोन्हीकडं शारीरिक शिक्षणाची रीतसर महाविद्यालयं आहेत. ताईंनी तिकडंही चौकशी करावी.

सांधेजोड

तालमीतला, वस्तादांबद्दल मलाही आदरच आहे. पण ते स्वतः कुणाच्या तरी हाताखाली वर्षानुवर्षं मातीत होते. आधी चेला, मग तालमीत धाकट्यांना शिकवणारा, मग वस्ताद. ते शिक्षणच होतं आणि आजच्या सहा महिन्यांच्या कोर्सपेक्षा जास्त खडतर होतं. शिवाय त्यांच्यापुढे अठरा वर्षांची निरोगी पोरं होती. गच्चीवर पन्नाशीची, थायरॉइड आणि रक्तदाब असलेली बाई आहे.

तालमीतला

हे मान्य. पोरांवर चालतं ते आयांवर चालत नाही.

लोखंडवाला_ठाणे

माझी ठाण्यात मध्यम आकाराची जिम आहे. आकड्यांचं मी सांगतो.

नवीन ट्रेनर आधी फ्लोअरवर असतो. म्हणजे सगळ्या मेंबरांकडे लक्ष द्यायचं, वजनं जागेवर लावायची, नवीन आलेल्याला मशीन दाखवायचं. याचा पगार आमच्या भागात पंधरा ते वीस हजार, छोट्या शहरात त्याहून कमी. खरी कमाई पीटीत, म्हणजे एकास एक शिकवण्यात. समजा क्लायंट महिन्याला बारा सेशनचे आठ हजार देतो. त्यातला साधारण निम्मा वाटा ट्रेनरचा, काही ठिकाणी चाळीस टक्केच. म्हणजे हातात चाळीस हजार यायला दहा क्लायंट हवेत. दहा क्लायंट म्हणजे महिन्याला १२० सेशन, सव्वीस दिवसांत रोज चार ते पाच. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात दहाही जणांना सकाळी सहा ते नऊ किंवा संध्याकाळी सात ते दहा याच वेळा हव्या असतात. त्यामुळे ट्रेनरचा दिवस दोन तुकड्यांत जातो, पहाटे पाचला घर सोडायचं आणि रात्री अकराला परत, मध्ये दुपार रिकामी. मुलं शाळेतून येतात तेव्हा तुम्ही घरी असाल, पण त्यांच्या जेवणाच्या आणि अभ्यासाच्या वेळेला नसाल.

आणि वर्षाचं चक्र बघा. जानेवारीत पाय ठेवायला जागा नसते. परीक्षा सुरू झाल्या की आया गायब, मे महिन्यात गावाला, गणपती आणि दिवाळीत पुन्हा गळती. बारा महिन्यांचा हिशेब आठ-नऊ महिन्यांच्या कमाईवरच करा.

पण एक गोष्ट तुमच्या बाजूनं आहे. सकाळी अकरा ते दुपारी चार माझी जिम ओस असते, भाडं आणि वीज मात्र चालूच. त्या वेळात येऊ शकणाऱ्या बायका भरपूर आहेत, त्या येत नाहीत कारण त्यांना समजून घेणारं कुणी फ्लोअरवर नसतं. पस्तिशीच्या पुढची, स्वतः वाटेवरून गेलेली बाई ट्रेनर म्हणून मिळाली तर मी उद्या ठेवीन. हे कौतुकापोटी म्हणत नाही, मला खरंच मिळत नाहीये.

गोदाकाठ

लोखंडवाला, खूप आभार. हेच हवं होतं. एक विचारते, घरी जाऊन शिकवलं तर पूर्ण फी आपल्याला मिळते ना?

लोखंडवाला_ठाणे

मिळते, पण प्रवासाचा वेळ धरा. एक तासाच्या सेशनला जाण्या-येण्याचा एक तास गेला तर तुमचा तासाचा दर निम्मा झाला. एकाच सोसायटीत किंवा शेजारशेजारच्या इमारतींत क्लायंट असले तरच परवडतं. आणि करांचं म्हणाल तर वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेपर्यंत सेवा देणाऱ्याला जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही. जिमच्या सेवेवरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, पण इनपुट क्रेडिट काढून घेतलं. त्यामुळे नव्या मशिनवर भरलेला कर आमच्याच खिशातून जातो. पुढे मागे स्वतःचा स्टुडिओ काढायचा विचार असेल तर हे लक्षात ठेवा.

पूर्वीची_ट्रेनर

मी एका मोठ्या साखळीच्या जिममध्ये काही वर्षं ट्रेनर होते, आता शाळेत खेळ शिकवते. व्यायाम शिकवायचा मला कधी कंटाळा आला नाही. काम सोडलं ते विक्रीमुळे.

मागच्या खोलीत फळा होता. त्यावर प्रत्येक ट्रेनरचं नाव, पुढे तीन रकाने: नवीन पीटी, रिन्युअल, सप्लिमेंट. कुणाचा गुडघा बरा झाला, कोण पहिल्यांदा पुल-अप मारून रडली, त्याला रकाना नव्हता. महिन्याच्या वीस तारखेनंतर मॅनेजर रोज विचारायचा, आज किती डबे गेले. एका मधुमेही काकांना मास गेनरचा, म्हणजे वजन वाढवायच्या पावडरीचा, डबा विकायला सांगितला होता. त्या डब्यात भरपूर साखर-स्टार्च असतो हे त्याला सांगितलं तर म्हणाला, ते डॉक्टर बघतील. मी तो डबा विकला नाही आणि पुढच्या महिन्यात माझ्या सकाळच्या वेळा दुसऱ्याला दिल्या. विशी-बाविशीची मुलं स्टेरॉइडच्या ज्या इंजेक्शनांच्या 'सायकल' मारतात त्याकडे सगळे काणाडोळा करायचे, तो तर वेगळाच विषय.

गोदाकाठ, नोकरी धराल तिथे आधी विचारा की माझं काम कशावर मोजणार. उत्तर टाळलं तर दुसरी जागा बघा.

चारचौघी

मी इथे ग्राहकाच्या बाजूनं लिहिते. माझं वजन १०० च्या वर आहे. दोन जिममध्ये पैसे भरले आहेत.

पहिल्या दिवशी ट्रेनरनं विचारलं, 'टार्गेट काय?' मी सांगायच्या आत त्यानं काट्यावर उभं करून आकडा मोठ्यानं वाचला, शेजारच्या ट्रेडमिलवरच्या दोघांनी वळून बघितलं. मग चाळीस मिनिटं ट्रेडमिलवर चालायला लावून तो फोनमध्ये. लेग प्रेसच्या आसनात मला बसता येईना, तर म्हणाला, 'थोडं कमी झालं की करू.' मला कमी होण्यासाठीच तर आत यायचं होतं. महिन्याभरानं माझा पाठमोरा फोटो जिमच्या इन्स्टाग्रामवर 'प्रवास सुरू' म्हणून लावलेला माझ्या भाचीनं दाखवला. मला कुणी विचारलं नव्हतं.

म्हणून तुमचा तो प्रश्न, की सैल कातडी असलेल्या बाईकडे लोक येतील का. मी येईन. जिला माहीत आहे की चालताना मांड्या घासून सोलवटतात आणि आधी त्याचा बंदोबस्त करावा लागतो, जिला माहीत आहे की जमिनीवरच्या व्यायामाआधी 'मी खाली बसले तर उठेन का' ही भीती असते, तिच्याकडे मी आनंदानं पैसे देईन. दिसणं जाहिरातीसाठी लागतं. रोज जायला वाटावं म्हणून माणूस लागतं.

गोदाकाठ

चारचौघी, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. मांड्या सोलवटायच्या, मी सायकलिंगची लांब पँट आतून घालायचे. आणि वजनकाट्यापासून सुरुवात करायची गरजच नाही, असं मला अनुभवानं ठाम वाटतं. गच्चीवर कुणाचंच वजन करत नाही. खुर्चीवरून अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता आलं ते लिहून ठेवतो, आणि तो आकडा वाढतो तेव्हा सगळ्या टाळ्या वाजवतात.

मिसळप्रेमी

नाशिककर बाई २७ किलो उतरवते म्हणजे मिसळ सोडली की काय? तसं असेल तर मी या धाग्यावरून काढता पाय घेतो.

गोदाकाठ

नाही हो, बसा! महिन्यातून दोनदा होतेच. पापड आणि दुसरा पाव सोडला, तर्री बाजूला मागते, मटकी दोन डाव जास्त. मालकांना आता न सांगता कळतं.

मिसळप्रेमी

मग तुम्ही नक्की ट्रेनर व्हा. मला असाच हवा होता.

तालमीतला

आमच्याकडं मटकी जास्त मागितली तर चालतं, तर्री बाजूला मागितली तर मालक वर बघतो.

दवाखाना

मी फॅमिली फिजिशियन आहे. दोन गोष्टी लिहाव्याशा वाटल्या.

पहिली, तुमचं वजन टिकलंय हे त्या २७ किलोंपेक्षा मोठं आहे आणि त्याकडे कुणी पुरेसं लक्ष दिलं नाही. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही चालू आहे, वजन उतरवून टिकवणाऱ्यांची. तिथे नाव नोंदवायला अट आहे: किमान ३० पौंड, म्हणजे साधारण साडेतेरा किलो, उतरवलेलं आणि किमान वर्षभर टिकवलेलं. तुम्ही त्या अटीत सहज बसता. उलट २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दूरचित्रवाणीवरच्या वजन उतरवण्याच्या स्पर्धेतले १४ जण सहा वर्षांनी तपासले. बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलं होतं, आणि विश्रांतीत शरीर जेवढी ऊर्जा खर्च करायला हवं त्यापेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होतं. म्हणून पेशंट 'जिद्द नाही' म्हणून स्वतःला बोल लावतो तेव्हा मी हा अभ्यास सांगतो. शरीर झटकन उतरलेल्या वजनाला विरोध करतं. तुम्ही ट्रेनर झालात तर 'तीन महिन्यांत वीस किलो' असलं काही कधी छापू नका.

दुसरी, बाजार बदलतोय. मार्च २०२५ मध्ये भारतात मौंजारो आलं, जूनमध्ये वेगोव्ही. या इंजेक्शनांनी भूक मंदावते, वजन उतरतं, पण उतरणाऱ्या वजनात स्नायूही जातात. सेमाग्लुटाइड (वेगोव्हीतलं औषध) थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आल्याचंही दिसलं आहे. अशा पेशंटला मी स्नायूंचा व्यायाम सांगतो आणि पुढचा प्रश्न येतो, 'डॉक्टर, कुणाकडे जाऊ?' पन्नाशीच्या बाईला निर्धास्त पाठवावं असे ट्रेनर माझ्या वहीत फार थोडे आहेत. त्यामुळे कामाला तोटा नाही.

फक्त आहारतक्ते देऊ नका. डाळ वाढवा हा सल्ला तुम्हाला लागू पडला. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या पेशंटला तोच सल्ला बाधेल. तिथे आहारतज्ज्ञांकडे पाठवायचं.

लीड्सकर

इंग्लंडमधलं सांगते. इथे आधी लेव्हल २ म्हणजे जिम इन्स्ट्रक्टर, मग लेव्हल ३ पर्सनल ट्रेनर. डॉक्टरांनी पाठवलेले पेशंट घ्यायचे असतील तर एक्सरसाइज रेफरलचं शिक्षण वेगळं घ्यावं लागतं. बरेच ट्रेनर जिमला महिन्याचं भाडं देऊन स्वतंत्र काम करतात, म्हणजे क्लायंट नसले तरी भाडं चालू. माझी मैत्रीण, मूळची साताऱ्याची, इथल्या देशी बायकांचे वर्ग घेते, पडदे लावून, गाणी लावून. तिच्याकडे जागा मिळत नाही. ऑनलाइन मराठीतून शिकवलंत तर इथून दहा जणी मी आणते.

पूर्वीची_ट्रेनर

कोर्सचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. भारतात पर्सनल ट्रेनर व्हायला सरकारी परवाना लागत नाही, त्यामुळे ज्याला वाटेल तो पाटी लावतो. म्हणूनच निवडताना जपा. एसीई, एनएएसएम, आयएसएसए ही अमेरिकी प्रमाणपत्रं इथल्या मोठ्या जिममध्ये चालतात. मुंबईची के-११ ही ट्रेनर घडवणारी संस्था आपल्याकडे बरीच नावाजलेली. सरकारी कौशल्य विकास योजनेत क्रीडा आणि फिटनेससाठी वेगळी कौन्सिल आहे, तिचा फिटनेस ट्रेनरचा अभ्यासक्रम खर्चाला हलका पडतो. सीएससीएस म्हणून एक आहे, ती खेळाडूंना तयार करणाऱ्यांसाठी, तुम्हाला सध्या नको. बी.कॉम. असल्यानं काही अडत नाही.

अभ्यास बहुतेक इंग्रजीतून असतो. स्नायूंची लॅटिन नावं पहिले काही आठवडे छळतात. आरशासमोर उभं राहून आपल्याच अंगावर बोट ठेवून नाव म्हणायचं, पटकन बसतात. पण परीक्षा पास झाल्यावरही शिकवता येतंच असं नाही. कुणा अनुभवी ट्रेनरच्या मागे उभं राहून बघा. तो क्लायंटशी बोलताना कुठे उभा राहतो, स्क्वॉटमध्ये आधी काय बघतो, दहा चुका दिसत असताना कुठली एकच सांगतो. मी हे एका ज्येष्ठ ट्रेनरकडे शिकले. तो पहिल्या दिवशी फक्त टाचा बघायचा. टाचा उचलल्या जातायत का? तेवढं सुधारलं की गुडघा आणि पाठ पुष्कळदा आपोआप जागेवर यायची. एकदम पाच सूचना दिल्या की समोरची बाई गांगरते आणि पुढच्या वेळी येत नाही.

पेठेतले_काका

मी ७१ वर्षांचा. घरातल्या सगळ्यांचं मत नोकरी सोडू नये असंच पडेल, माझंही तेच आहे. पण कारण वेगळं आहे. ज्याला या महिन्याचा हप्ता भरायचा आहे तो ट्रेनर नको त्या माणसालाही 'या' म्हणतो आणि नको तो डबाही विकतो. पगार चालू असेल तर 'आधी डॉक्टरांना दाखवून या' म्हणायला जीभ रेटते. तुमची नोकरी तुमच्या सचोटीची राखण करील. दोन वर्षं तरी दोन्ही चालवा.

निळीछत्री

काकांना जोरदार अनुमोदन.

चारचौघी

थोडी असहमत. दोन वर्षं नोकरी, घर, मुलं आणि वर हे? बाई झिजून जाईल. काका, हे सगळं करताना तिचा स्वतःचा व्यायाम कोण करणार? वर्षभराची मुदत ठरवावी आणि मग एक काहीतरी सोडावं.

पेठेतले_काका

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. वर्ष म्हणा. पण तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

गोदाकाठ

सगळ्यांचे प्रतिसाद छापून घेतले आणि नवऱ्यासोबत बसून वाचले. काय ठरलं ते लिहिते.

नोकरी सोडत नाही. सांधेजोड ताईंनी सांगितल्यावर गच्चीवरच्या सगळ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली. दोघींना रक्तदाब आहे हे मला ठाऊक होतं. तिसरीला मधुमेहाची गोळी सुरू आहे आणि ती रोज चहासुद्धा न घेता यायची, हे परवा कळलं. तिघींनाही डॉक्टरांना विचारून यायला सांगितलं आहे. एक जरा नाराज झाली. डॉक्टरांची चिठ्ठी येईपर्यंत त्या नुसत्या बोलता येईल अशा चालीनं चालणार आहेत.

कोर्स जूनपासून, शनिवार-रविवारच्या बॅचला. कौशल्य विकासवाला आधी, पैसे साठले की एसीई. आमच्या जिमच्या मालकांशी बोलले, ते दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी मला त्यांच्या ज्येष्ठ ट्रेनरच्या मागे उभं राहू देणार आहेत, बिनपगारी. गच्चीचा वर्ग रविवारीच राहील. पुढच्या जूनची तारीख काकांनी सांगितल्याप्रमाणे कॅलेंडरवर लिहिली.

एकच अडलंय. गच्चीवरच्या बायकांकडून आता पैसे घ्यावेत का? शेजारणी आहेत, त्यांच्या घरचा डबा मी खाल्लाय.

लोखंडवाला_ठाणे

घ्या. महिना पाचशे का होईना. फुकट असलं की पाऊस आला, पाहुणे आले, डोकं दुखलं, सगळी कारणं चालतात.

सांधेजोड

मी म्हणते कोर्स होईपर्यंत घेऊ नका. पैसे घेतले की तुम्ही मैत्रीण राहत नाही, जबाबदार व्यावसायिक होता, आणि काही झालं तर प्रश्न तसेच विचारले जातील. तोवर सोसायटीकडून गच्चीची लेखी परवानगी घ्या आणि सीपीआर शिकून घ्या. प्रथमोपचाराच्या वर्गात एका दिवसात शिकवतात. छातीच्या मध्यावर तळहाताची टाच, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब, तीस दाबांनंतर दोन श्वास, आणि त्याच वेळी दुसऱ्या कुणीतरी १०८ ला फोन. वाचून हे जमत नाही, पुतळ्यावर करून बघावं लागतं. पाच सेंटिमीटर दाबायला किती जोर लागतो ते तिथेच कळतं. गच्चीवर येणाऱ्या आणखी दोघींनाही सोबत न्या, कारण त्रास तुम्हालाही होऊ शकतो.

लोखंडवाला_ठाणे

सीपीआरचं शंभर टक्के बरोबर. पैशांचं मत बदलत नाही, पण कोर्सपर्यंत थांबायला हरकत नाही.

गोदाकाठ

ठरलं, प्रमाणपत्र हातात येईपर्यंत पैसे नाहीत. सीपीआरला आम्ही चौघी जातोय, काकूंनी स्वतःहून नाव दिलं.

निळीछत्री

गोदाकाठ, आई पंचवटीत राहते, ६६ वर्षांची, दोन्ही गुडघ्यांची झीज आहे. तिला रविवारी पाठवू का?

गोदाकाठ

आत्ता नको, ताई. झिजलेल्या गुडघ्यांना काय झेपतं हे मला अजून शिकायचंय. तोवर त्यांना फिजिओकडे एकदा दाखवा आणि काय करायचं, काय टाळायचं ते लिहून घ्या. तो कागद घेऊन दिवाळीनंतर आल्या तर मी आनंदानं घेईन.

सांधेजोड

निळीछत्री, मला व्यनि करा. नाशिकमधल्या ओळखीच्या फिजिओचं नाव देते.